खरखर

"ऐक," उपाध्ये सर म्हणाले आणि स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढून त्यांनी तो माझ्या डोक्यावर चढवला. "सांग, काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"तेच तर."

इचलकरंजीत रेडिओवर 'काही नाही' ऐकू येणं ही बातमी होती. सरांच्या घरामागं सगळी यंत्रमागांची शेड. माग दिवसरात्र चालायचे. मोटारींच्या ठिणग्या, सैल झालेले फ्यूज, ट्यूबचे चोक, सगळ्यांची मिळून एक खरखर हवेत भरलेली असायची आणि रेडिओ लावला की आधी ती यायची, माणसं नंतर. पाटीवर ओली वाळू घासावी तसा आवाज. सांगली, कोल्हापूर, सातारा त्यातून वर यायचे. धुळे, भंडारा, गडचिरोली त्याच्या खाली गाडलेली असायची. ती खरखर आता पुसल्यासारखी गेली होती. लांब नाशिकहून कुणीतरी हाका मारत होता आणि त्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघरसुद्धा मला कळत होती.

"लाइट गेली वाटतं," मी म्हणालो.

"गेली." सरांनी टेबलाखाली ठेवलेल्या ट्रकच्या बॅटरीला पायानं हलकेच स्पर्श केला. "आपल्याला काय फरक पडतो? बस. तुझी पाळी."

मी बसलो.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरावर तार ताणायची आणि कुठंही तसाच परवाना असलेल्या माणसाशी बोलायचं. त्यातल्या काहींना स्पर्धेचं वेड असतं. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं, एकमेकांना आपला जिल्हा आणि क्रमांक द्यायचा, तो उतरवून घ्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. नवा जिल्हा मिळाला की गुण दुप्पट. आमच्या मंडळाची स्पर्धा जानेवारीतल्या एका रविवारी असायची, सकाळी आठ ते दुपारी चार. सर आणि मी 'दोन चालक' या गटात उतरायचो. त्या गटात स्टेशन चालवायला दोघंच, तिसऱ्या कुणाची मदत घ्यायची नाही.

मंडळाची नियमपुस्तिका सरांनीच लिहिलेली होती. पिवळ्या पुठ्ठ्याची, सायक्लोस्टाइल केलेली, अकरा नियमांची. आयटीआयमध्ये जन्मभर वायरिंग शिकवून निवृत्त झालेला माणूस. शर्टाच्या बाहीची इस्त्रीसुद्धा ओळंब्यात असायची. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, माझा परवाना, माझं मोडकंतोडकं इंग्रजी, सगळं त्यांचं देणं. ते एकच गोष्ट मागायचे आणि तीही तोंडानं कधी मागितली नाही. चषक. लागोपाठ सहा वर्षं तो रत्नागिरीला गेला होता, इंदुमती पेठे आणि त्यांच्या यजमानांकडं. सर सदुसष्टचे झाले होते, डावा कान कमी ऐकू लागला होता. यंदा नाही तर मग नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून त्या सकाळी मी देवाचे आभार मानले. स्टेशनं एकामागून एक येत होती. मी बोलत होतो, सर लिहीत होते. मध्येच पेठेबाईंचा खणखणीत आवाज आला.

"इचलकरंजी, आज अगदी स्वच्छ ऐकताय हो. एकदाही 'परत सांगा' नाही. माग विकलेत की काय सगळे?"

"गावाला सुट्टी दिलीय, बाई," मी म्हणालो.

"मग आम्हालाही द्या थोडी. क्रमांक घ्या."

मी हसत क्रमांक घेतला. सर हसले नाहीत. मला वाटलं, लिहिण्यात गुंतलेत.

अकराच्या सुमारास त्यांनी माईक घेतला आणि मी चहा आणायला खाली उतरलो. काकू मुलीकडं गेल्या होत्या, त्यामुळं चहा कोपऱ्यावरच्या टपरीतून आणायचा होता. गल्लीत पाय टाकला आणि काहीतरी विचित्र वाटलं. काय ते कळायला दोन पावलं जावी लागली. शांतता होती. इचलकरंजीच्या त्या भागात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आज ओट्यावर बसलेली माणसं ओरडून बोलत होती आणि ते भांडणासारखं वाटत होतं.

शेडच्या दारात कांड्या भरणाऱ्या बायका बसल्या होत्या. मागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी कांडी बसवतात, ती भरायचं काम त्यांचं. शेवंतामावशी आमच्याच बोळातली, माझ्या आईची मैत्रीण.

"काय रं सुहास," तिनं लांबूनच विचारलं, "तुमच्या माडीवर करंट हाय व्हय? सर सकाळधरनं कुणाच्या तरी नावानं बोंबलत्यात."

"बॅटरी हाय मावशी."

"मग ती बॅटरी आमच्या शेडला लाव की. हात जोडून बसलोय नुसतं, देवळात बसल्यागत."

"देवळात निदान परसाद तरी मिळतो," दुसरी म्हणाली.

"आज मिळायचा न्हाई. आज आठवडा बंद हुतोय."

मागांचा आठवडा रविवारी संध्याकाळी मोजायचे. जेवढं कापड उतरलं, जेवढ्या कांड्या भरल्या, तेवढीच मजुरी. लाइट गेली तर गेली, त्याला मालक जबाबदार नाही आणि सरकारही नाही.

"कधी येणार म्हणतात लाइट?"

"लाइनमन सांगतोय कुठं. बसलाय बघ डीपीखाली, जावयागत."

टपरी डीपीच्या पलीकडंच होती. ट्रान्सफॉर्मरच्या खांबाखाली पोतं अंथरून बाबासो बसला होता, मांडीवर भडंगाचा पुडा. शेजारी एका फडक्यावर तिन्ही फ्यूज ओळीनं मांडून ठेवलेले. खांबावर शिडी लावलेली नव्हती. कुठली पेटी उघडी नव्हती. तारेचा तुकडासुद्धा इकडंतिकडं पडलेला नव्हता.

"काय बाबासो, काय जळलं?"

"कुठलं जळतंय." त्यानं पुडा पुढं केला. "खाणार? बरं झालं आलास. सरांना विचार की, आणि किती येळ? शेटचा माणूस दोनदा येऊन गेला. केबल तापलीया म्हणून सांगितलंय मी. चारपर्यंत तापलेली केबल कोण ऐकून घ्यायचा?"

मी भडंग घेतलं नाही.

"सरांनी सांगितलंय तुला?"

"मग मला काय हौस हाय रविवारी इथं बसायची? आज माझी सुट्टी हुती." त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. "परवा घरला आलते. सोता. आमच्या दारात सर कधी आल्यात व्हय? बायकोनं घाईघाईनं सतरंजी टाकली. म्हणले, बाबासो, एवढं एक काम कर. आता हातात पक्कड धरायला ज्यांनी शिकवलं त्यांना न्हाई कसं म्हणायचं?" मग जरा थांबून म्हणाला, "तुला म्हाईत न्हवतं?"

मी परत फिरलो. शेवंतामावशीनं विचारलं, "काय म्हणतोय जावई?" मी तिच्याकडं बघितलं नाही.

माडीवर सर माईकवर होते. त्यांचा रेडिओवरचा आवाज वेगळा असायचा, मऊ, आर्जवी, लग्नातल्या यजमानासारखा. "भंडारा, भंडारा, फार छान येताय. आपला क्रमांक घेतला. धन्यवाद, भेटू पुन्हा." बटण सोडलं आणि ते माझ्या रिकाम्या हातांकडं बघत म्हणाले, "चहा?"

"डीपीखाली बाबासो बसलाय."

"हं."

"फ्यूज काढून."

"मग काय झालं?" त्यांनी बटण दाबून सगळ्यांसाठीची हाक दिली. "सी क्यू कॉन्टेस्ट, सी क्यू कॉन्टेस्ट, इचलकरंजी ऐकतंय." बटण सोडलं. "पुस्तक खुंटीला आहे. काढ. कोणता नियम मोडला ते सांग. नुसता क्रमांक सांग."

"मी नियमाचं बोलत नाही, सर."

"मग कशाचं बोलतोस? स्पर्धेत नियमाशिवाय दुसरं काय असतं?"

धुळ्याचा कुणीतरी आला. सरांनी त्याला जिल्हा दिला, क्रमांक दिला, त्याच्या बायकोची तब्येत विचारली. मी उभाच होतो.

"खाली सगळ्या शेड बंद आहेत," मी म्हणालो. "आज आठवडा मोजायचा दिवस. बायका दारात बसल्यात."

"महिन्यातून दोनदा दुरुस्तीला लाइट जातेच. त्यातली एक आज गेली असं धर."

"पण दुरुस्ती नाहीये."

"सुहास." त्यांनी खुर्ची वळवली. "पेठेबाईंच्या दारात समुद्र आहे. खाऱ्या पाण्यावरून लहरी लांब जातात, मागं नारळाची बाग. अर्ध्या मैलात एक मोटार नाही. त्यांना कधी कुणी विचारलं, बाई, हे न्याय्य आहे का? सहा वर्षं त्या तिथं बसून चषक नेतात आणि सहा वर्षं मी या खरखरीत कान फोडून घेतो. एक दिवस, फक्त एक दिवस मला त्यांच्याइतका कान मिळालाय. आत्ता कुठं आम्ही एका पातळीवर आलोय. यात अन्याय कुठला ते मला सांग."

 

"पेठेबाईंनी समुद्र कुणाचं काम बंद करून आणलेला नाही," मी म्हणालो.

"शब्दांचे खेळ करू नको."

"खाली विचारलंत कुणाला?"

"काय विचारू? रेडिओ म्हणजे काय, जिल्हा म्हणजे काय, इथनं सुरुवात करू त्यांच्यापाशी?" आणि तेवढ्यात हेडफोनमधून काहीतरी आलं. सरांचा हात वर गेला, मला गप्प करणारा. ते पुढं झुकले. हेडफोन त्यांनी चांगल्या कानावर तळहातानं दाबून धरला. फार बारीक, फार लांबचा आवाज असणार, कारण त्यांचे डोळे मिटले होते. मग त्यांनी कागदावर एकेक अक्षर लिहिलं, आणि शेवटी जिल्हा.

गडचिरोली.

"आपल्याला कधी मिळालं होतं का रे गडचिरोली?" त्यांनी मला विचारलं.  चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. "कधीच नाही. असायचा तो. दर वर्षी तिथंच असणार, हाका मारत. आपल्याला ऐकूच यायचा नाही."

त्या चेहऱ्याचा मला इतका राग आला की मी जिना उतरून केव्हा गल्लीत आलो ते मला कळलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, म्हाताऱ्या माणसाला हवं ते मिळालं होतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं. गडचिरोलीचा एक न बघितलेला माणूस दर वर्षी तिथं हाका मारत असणार, याची यांना कळकळ आहे. आणि खिडकीखाली बसलेल्या बायकांच्या कामाचं नाव यांच्या भाषेत खरखर.

बाबासोच्या समोर जाऊन मी म्हणालो, "सर म्हणाले, बास. चालू कर."

"झालं त्यांचं?"

"झालं."

"सुटलो बाबा," तो म्हणाला. पुडा गुंडाळून खिशात घातला, हातमोजे चढवले आणि एकेक करून तिन्ही फ्यूज बसवले. क्षणभर काही झालं नाही. मग कोपऱ्यावरच्या शेडमध्ये एक माग धडधडला, त्याच्यामागून दुसरा, आणि गल्ली नेहमीसारखी कानठळ्या बसवायला लागली. शेवंतामावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. तिला माझं काय कौतुक असणार? लाइट आली होती, एवढंच.

माडीच्या खिडकीतून सरांचा आवाज येत होता. "परत सांगा. क्रमांक परत सांगा. परत. परत एकदा." यजमानाचा मऊपणा गेला होता. मी वर गेलो नाही. घरी जाऊन जेवलो.

बुधवारी ते दुकानात आले. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाहेर पायरीवर उभे राहिले. मी स्टूल पुढं केलं, पण ते बसले नाहीत. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. सगळ्या नोंदी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात नकलून काढलेल्या.

"पहिले आलोय आपण," ते म्हणाले. "पेठेबाईंचा फोन झाला, त्यांनी त्यांचा आकडा सांगितला. खरखर सुरू झाल्यावर मला फारसं काही मिळालं नाही, तरी आपण वर आहोत. थोडक्यात, पण वर. उद्याच्या टपालानं हे साताऱ्याला, मंडळाकडं गेलं पाहिजे. खाली सही लागते, दोघांची."

शेवटच्या पानावर छापलेलं एकच वाक्य होतं: 'या स्पर्धेत आम्ही मंडळाच्या सर्व नियमांचे पालन केले आहे.' खाली दोन रेघा. पहिलीवर सरांची सही होती.

"मी सही करणार नाही."

त्यांना अपेक्षा असावी. "वाक्य वाच," ते म्हणाले. "यातला कोणता शब्द खोटा आहे?"

"आपण दोन चालक होतो. तिसरा बाबासो होता."

"बाबासोनं माईकला हात लावला नाही. रेडिओ बघितला नाही. माडीची पायरी चढला नाही."

"गेल्या वर्षी भूपाल चौगुलेची बायको माईकवर एवढंच म्हणाली, 'ते जेवायला गेल्यात.' तुम्ही भूपालला बाद केलंत. त्यानं नंतर मंडळच सोडलं."

"बोलली. परवाना नसताना बोलली. नियम नऊ. मला आनंद झाला होता का त्याला बाद करताना? बाबासो काय बोलला, सांग."

"काहीच नाही. त्यानं फक्त अख्खी गल्ली गप्प केली."

मी हातातलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं.  

"तू मला शिकवतोस?" आता सरांचा आवाज चढला. "खोटं कोण बोललं, सुहास? 'सर म्हणाले, बास.' माझ्या नावावर. या गावात माझ्या नावावर आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. ते तू बोललास. ज्याला मी शिकवलं."

"आणि बाबासोनं शेटला केबल तापली म्हणून सांगितलं, ते?"

"ते मी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानं सांगितलं."

 ते थट्टा करत नव्हते. त्यांनी खरंच हा हिशेब मनाशी मांडून ठेवला होता, स्वच्छ, खाडाखोड नसलेला, त्यांच्या अक्षरासारखा.

"मग तुम्हीच ठोका माझी सही," मी म्हणालो. "तुम्हाला येते. परवान्याच्या अर्जावर कशी करायची ते तुम्हीच गिरवून दिलं होतं. साताऱ्यात कोण ओळखणार आहे?"

"खोटी सही?" ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर थुंकलो असतो तरी त्यांना इतकं लागलं नसतं. "मी?"

 समोरच्या दुकानात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवून बघत होतं. शेवटी सरांनी खिशातलं पेन काढलं, गठ्ठ्याचं पहिलं पान वर घेतलं आणि त्याच्या माथ्यावर लिहिलं: 'केवळ पडताळणीसाठी.' खाली दुहेरी रेघ मारली. असा गठ्ठा स्पर्धेत धरत नाहीत, पण तो पाठवावा लागतो. तो नसेल तर आमच्याशी बोललेल्या प्रत्येकाची नोंद पडताळता येत नाही आणि त्याचे गुण जातात. सरांनी तो फाडून गटारात टाकला असता तर मला काही वाटलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही.

"त्या बिचाऱ्या लोकांचा काय दोष?" ते म्हणाले. धुळ्याबद्दल म्हणत होते, भंडाऱ्याबद्दल, गडचिरोलीबद्दल.

आणि ते गेले.

चषक सातव्यांदा रत्नागिरीला गेला. एप्रिलमध्ये सांगलीत मंडळाची वार्षिक सभा झाली, एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे दुमडून बसलो. पेठेबाईंनी चषक घेतला, सगळ्यांना काजूची पाकिटं वाटली. मग आयत्या वेळचा विषय म्हणून सर उभे राहिले.

"एक नवा नियम सुचवतोय," ते म्हणाले. "क्रमांक बारा." आणि वाचलं: "'स्पर्धेच्या काळात विद्युत गोंगाट कमी व्हावा म्हणून कोणाही चालकाने आपल्या परिसराचा वीजपुरवठा बंद करू अथवा करवू नये, कारण त्यामुळे स्पर्धेत असमान लाभ मिळतो.'"

आधी कुणाला कळलं नाही. मग वर्ग हसायला लागला.

"सर, हे कुणाच्या डोक्यात आलं?"

"आमच्याकडं हे करायचं तर समुद्राचा फ्यूज कुठं असतो ते आधी शोधावं लागेल," पेठेबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या. मग हसता हसता थांबल्या. जानेवारीतला आमचा स्वच्छ आवाज त्यांना आठवला असावा. "असं कुणी केलंय का हो?"

सरांनी कागदावरून मान वर केली नाही. "नियम नसताना कुणी केलं असेल तर तो नियमभंग नव्हता," ते म्हणाले. "म्हणून नियम हवा."

मग मात्र त्यांनी माझ्याकडं बघितलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा. त्या नजरेत काय होतं ते मला लगेच कळलं. ते माझ्यापुढं काहीतरी ठेवत होते, जे त्यांना दुसऱ्या कुठल्याही भाषेत ठेवता आलं नसतं. मी ते उचलावं असं त्यांना वाटत होतं. मी कागदाकडं बघत होतो. 'असमान लाभ.' कुणाला? आम्हाला, पेठेबाईंच्या तुलनेत. तेवढंच. शेडच्या दारात बसलेल्या बायका त्यात कुठंच नव्हत्या.

"अनुकूल?" अध्यक्षांनी विचारलं. माझा सोडून वर्गातले सगळे हात वर गेले.

"विरोधात?"

मी हात वर केला.

हसण्याची दुसरी लाट आली. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

"सुहास," सर म्हणाले. आवाज कोरडा होता. "तुझाच विरोध?"

"होय."

"कारण नोंदवावं लागेल. नियम सात."

"कारण चुकीचं लिहिलंय."

"मग काय लिहू?"

बाकावरून उठायला मला वेळ लागला, गुडघे अडकले होते. "जे तुम्हाला लिहायला लागू नये ते," मी म्हणालो.

कुणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी 'एक विरोध' अशी नोंद केली आणि चहा आला.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. नियम बारा अजून आहे. पुस्तिका आता मोबाइलवर असते, पण शब्द तेच. दर वर्षी परीक्षा पास झालेली नवी पोरं माझ्या दुकानात येतात, नियम वाचतात आणि बाराव्यावर आली की हसतात. काका, शेजाऱ्यांची लाइट घालवू नये, हे काय सांगायला लागतं? मी म्हणतो, पुढं वाचा, कारण दिलंय. ती वाचतात. आणि त्यांना ते पटतं.